वाई ते पोलादपूर: चढताना पाऊस, उतरताना काळ

वाईहून पाचगणी, पाचगणीहून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर. सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. कुठेही न थांबता गेलं तर अडीच-तीन तासांत संपणारा रस्ता. पण एवढ्याशा पट्ट्यात पाऊस आठपट वाढतो, रानाची जातच बदलते, डोंगराच्या एका अंगाचं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं आणि दुसऱ्या अंगाचं अरबी समुद्राकडे. आणि चाकांखालचा दगड सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, वितळलेल्या रसाच्या रूपात इथे पसरलेला आहे.

जगभरच्या भूशास्त्रज्ञांना हा रस्ता चांगला ठाऊक आहे. के. जी. कॉक्स आणि सी. जे. हॉक्सवर्थ या दोघांनी १९८५ साली महाबळेश्वरच्या कड्यातल्या लाव्हाथरांचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्या कामातून या थरांचे जे गट पक्के झाले त्यांची नावं खालून वर अशी आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आणि हे गट ज्या मोठ्या समूहात मोडतात तो ‘वाई उपगट’. ज्या गावाच्या फाट्यावर आपण चहाला थांबतो, त्याचं नाव ऑक्सफर्डपासून प्रिन्स्टनपर्यंत दख्खनच्या लाव्ह्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तो अजून ओसरलेला नाही.

शनिवार-रविवारची सहल आखताना आपण सहसा आधी हॉटेल शोधतो आणि मग पॉइंटांची यादी करतो. या रस्त्यापुरतं मी उलटं सांगेन: आधी दिशा ठरवा. वाईकडून चढा आणि पोलादपूरकडे उतरा. पूर्वेच्या कोरड्या बाजूने चढलं की पाऊस, हवा आणि झाडं कशी बदलत जातात ते टप्प्याटप्प्याने कळतं. पश्चिमेच्या बाजूने उतरलं की डोंगर आतून कसा रचला आहे ते दिसतं, कारण तिथे कडा उघडा पडला आहे. एकाच वाटेने जाऊन त्याच वाटेने परत आलं तर यातलं अर्धंच हाती लागतं. पुणेकरांना ही फेरी सरळ जमते: कात्रज, शिरवळ, सुरूर फाटा, वाई आणि परतताना महाड, वरंधा घाट, भोर. एकूण अंतर तीनशे किलोमीटरांच्या आसपास. मुंबईकरांना घरी जायला पोलादपूरहून गोवा महामार्ग मिळतोच, म्हणून त्यांनीही जाताना पुण्यावरून, वाईच्या बाजूने चढावं.

महिना कोणता? माझं मत ठाम आहे. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर. झरे चालू असतात, गवत पिवळं पडायला नुकतीच सुरुवात झालेली असते, पावसाने धुतलेली हवा लांबवरचं दाखवते. स्ट्रॉबेरीसाठीच जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च. ऐन पावसाळ्यात वर जाऊन धुक्यात बसायला माझी हरकत नाही, पण तेव्हा आंबेनळी आणि वरंधा हे दोन्ही घाट सहलीच्या बेतात धरू नयेत. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. वाईला साधारण वर्षभरात जेवढा पडतो त्याचा बराच मोठा भाग, एका दिवसात. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, महाड पाण्याखाली गेलं आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. या डोंगराचं सौंदर्य ज्या पावसाने घडवलं, त्याच पावसाची ही दुसरी बाजू आहे, आणि पावसाळ्यातले घाट बंदचे फलक त्यासाठीच असतात.

शनिवारी उजाडायच्या आत पुणं सोडलं तर न्याहारी वाईत होते. वाईला सात घाट आहेत आणि सगळे कृष्णेचे. नदी इथे अजून लहान आहे. उगमापासून जेमतेम काही कोस आलेली. तरीही तिच्या पुराची धास्ती वाईकरांनी किती बारकाईने ओळखली होती ते ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन बघा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ नदीच्या पात्रालगतच उभं आहे. समोरून आपण मोठ्या गणपतीचं दर्शन घेऊन परततो, मागे फारसं कुणी जात नाही. मागची भिंत मात्र सपाट नाही. ती माशासारखी निमुळती केली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळलं की दोन्ही अंगांना फाकतं आणि देवळाला सरळ धडक बसत नाही. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची, हा विचार त्या दगडी बाकात हाताने चाचपता येतो.

तिथून मेणवली अगदी जवळ. नाना फडणविसांचा वाडा, नदीवर उतरणारा चंद्रकोरी घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळातली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा मराठ्यांच्या हाती आलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटांपैकी ही एक. ज्यांना विश्वकोशाबद्दल प्रेम आहे त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं प्रचंड काम वाईतच बसून झालं. आज आपण ज्या शब्दांत भूशास्त्र मराठीतून वाचतो, त्यांतल्या कितीतरी शब्दांचा विचार कृष्णेकाठी झालेला आहे.

वाईतून निघालं की लगेच पसरणीचा घाट लागतो. बारा-तेरा किलोमीटरांत रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक चढतो. घाटाच्या मधोमध, जिथे गाडी बाजूला घ्यायला पुरेशी जागा आहे तिथे, थांबा आणि मागे वळून बघा. खाली धोम धरणाचं पाणी, उसाचे आणि हळदीचे मळे, समोर पांडवगड, उजवीकडे लांब वैराटगड. या सगळ्या डोंगरांची अंगं पायऱ्यापायऱ्यांची आहेत: एक उभा कातळ, मग एक गवताळ उतार, पुन्हा कातळ, पुन्हा उतार. पायऱ्या किती नेमक्या आडव्या आहेत ते लक्षात आलं की कोडं पडतं. हे कुणी कोरलं?

उत्तर असं. सह्याद्रीतला लाव्हा एखाद्या शंकूसारख्या ज्वालामुखीच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि पुरासारखा पसरला. एक लोट थंड झाला, काही काळ गेला, त्यावर दुसरा आला. भाकऱ्यांची चळत रचावी तसे हे लोट एकावर एक बसत गेले. प्रत्येक लोटाचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे भरीव आणि टणक, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, ठिसूळ. ऊन-पावसात ठिसूळ भाग लवकर झिजून उतार झाला आणि टणक भाग कड्यासारखा उभा राहिला. म्हणजे समोरच्या डोंगरावरचे कातळ मोजले की साधारण किती मोठे लोट इथून गेले ते मोजल्यासारखं होतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे मोजायला लावा. पाचगणी येईपर्यंत ती खिडकीतून हलणार नाहीत.

आता पावसाचं. वाईला वर्षाला साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला एकशे सत्तरच्या आसपास. तिथून पुढे एकोणीस-वीस किलोमीटरांवर, महाबळेश्वरला, साडेपाचशे ते सहाशे. पावसाळी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि हजार मीटरांहून उंच कड्यावर आदळतात. पुढे जायला वाट नाही म्हणून हवा वर चढते. चढते तशी थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते कोसळतं. माथा ओलांडून हीच हवा वाईकडे खाली उतरू लागली की ती पुन्हा तापते आणि कोरडी पडते. ही गोष्ट आपण शाळेत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणून पाठ केलेली असते. पण पसरणीच्या घाटात बाभळी नि खुरटं गवत मागे टाकून, अर्ध्या तासात ओल्या मातीचा वास येऊ लागतो तेव्हा तो धडा पहिल्यांदा अंगाला लागतो. इतक्या कमी अंतरात एवढा फरक पडणाऱ्या जागा भारतात मोजक्याच असतील.

पाचगणीत शिरताना उंच, सरळसोट, पानांची खालची बाजू रुपेरी असलेली झाडं दिसतात. ती सिल्व्हर ओकची, मूळची ऑस्ट्रेलियातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ आणि ताईघाट या पाच गावांच्या मधल्या जागेत ही वस्ती वसवली आणि बाहेरून आणलेली झाडं इथे रुजवली. त्याची कबर पाचगणीतच आहे. मला स्वतःला सिल्व्हर ओकपेक्षा त्याच्या पलीकडचं टेबललँड जास्त ओढून घेतं, आणि तिथे घोड्यावर बसून फेरी मारण्यापेक्षा खाली वाकून बघण्यात जास्त मजा आहे.

कारण टेबललँडचा दगड काळा नाही. तो तांबूस, भोकाभोकांचा, खडबडीत आहे. हा जांभा. कोकणात ज्याचे चिरे घरांना लावतात तोच. कोट्यवधी वर्षं उष्ण आणि पावसाळी हवेत काळा दगड माथ्यावर उघडा पडून राहिला. पावसाच्या पाण्याने त्यातली वाळूजात द्रव्यं आणि क्षार विरघळवून नेले. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजून लाल झालं आणि हवेत वाळून कडक बनलं. म्हणजे आपण उभे आहोत ते डोंगराचं कडक कवच. त्याने खालच्या मऊ थरांना झाकलं म्हणून हा माथा टिकला, आजूबाजूचं झिजून दरीत गेलं. टेबललँडच्या काठावरून क्षितिजाकडे बघा: लांबचे कितीतरी सडे साधारण याच उंचीला सपाट कापल्यासारखे दिसतात. कधीकाळी हे सगळं सलग पठार असावं आणि नद्यांनी ते मधून मधून कोरून नेलं असावं. म्हणजे पाचगणीचा माथा कुणी उचलून वर ठेवलेला नाही. बाकीची जमीन त्याच्याभोवतून खाली गेली आहे. हे ध्यानात आलं की तिथला सूर्यास्त वेगळाच वाटतो.

कवचाखालची माती जिथे पाण्याने पोखरली गेली तिथे गुहा झाल्या. पांडवांनी इथे स्वयंपाक केला अशी आख्यायिका असलेली गुहा याच प्रकारची. पावसाळा संपताना या सड्यावर इंचभर मातीतही बारीक फुलं येतात. घोड्यांच्या आणि माणसांच्या रुळलेल्या वाटांवरूनच चालावं, कारण ती इंचभर माती जमायला फार काळ लागतो. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम जाहीर झाला, त्याचं कारण टेबललँडवर उकिडवं बसलं की समजतं.

मुक्काम पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये, भिलारच्या बाजूला करावा असं मी सुचवेन. शनिवारी संध्याकाळी वेण्णा तलावाजवळ गाड्यांची जी रांग लागते तिच्यात अडकायला नको, आणि भिलार हे पुस्तकांचं गाव आहे. मे २०१७ मध्ये इथल्या घराघरांत मराठी पुस्तकांची दालनं सुरू झाली. कुणाच्या ओसरीवर बसून, शेजारी स्ट्रॉबेरीचे वाफे बघत, वाचता येतं. स्ट्रॉबेरीला थंड रात्री, भरपूर ऊन आणि पाणी साचू न देणारी लाल माती लागते. हे तिन्ही इथे आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हिवाळ्यात गेलात तर पहाटे उठून वेण्णा तलावाच्या काठाला जा. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे तिथे गवतावरचं दव गोठलेलं सापडतं, आणि त्याच वेळी वरच्या बाजारपेठेत मात्र एवढी थंडी नसते. उंच जागा जास्त थंड असायला हवी ना? पण वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते आणि उतारावरून ओघळत सखल भागात येऊन साचते. वेण्णा-लिंगमळ्याची दरी अशा हवेची साठवण आहे.

रविवारी शक्य तितक्या लवकर आर्थर सीट गाठा. गर्दी टाळण्याचा फायदा आहेच, पण खरं कारण उजेडाचं आहे. सूर्य पूर्वेकडून वर येतो तेव्हा एका बाजूची, जोर गावाकडची दरी उजळलेली असते आणि दुसऱ्या बाजूची सावित्रीची दरी अजून निळ्या सावलीत असते. मध्ये तुम्ही, एका चिंचोळ्या धारेवर. जोरच्या दरीतून कृष्णेचं पाणी पूर्वेकडे निघालं आहे: वाई, कराड, सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, सुमारे चौदाशे किलोमीटर. सावित्री त्याच डोंगरावरून पश्चिमेला उडी घेते आणि शंभरएक किलोमीटरांत हरिहरेश्वर-बाणकोटला समुद्र गाठते. समुद्र इथून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरांवर असताना कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खा दख्खन ओलांडायला का निघते?

कारण जमिनीचा कल पूर्वेकडे आहे आणि तो फार जुना आहे. याचा पुरावा थक्क करणारा आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळ, इथून आठशे किलोमीटरांहून दूर, लाव्ह्याचा एक सुटा तुकडा सापडतो. त्याची रासायनिक घडण तपासली तर ती आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळते. अनेक भूशास्त्रज्ञांचं मत असं की तेव्हाच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत हा लाव्हा पश्चिमेकडून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला. पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते. म्हणजे पाणी आज ज्या दिशेने जातं, तिकडेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळलेला दगड गेला होता.

पश्चिमेची बाजू नंतर तुटली. सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून वेगळा झाला, नवा किनारा तयार झाला, आणि त्या किनाऱ्यापासून कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आला. तो अजूनही सरकतो आहे. सावित्रीचा उतार कृष्णेपेक्षा कितीतरी तीव्र, त्यामुळे ती डोंगर मागे मागे खात चालली आहे. फार दूरच्या भविष्यात आज तुम्ही उभे आहात ती धार राहणार नाही आणि कृष्णेच्या माथ्यावरचं थोडं पाणी सावित्री आपल्याकडे ओढून घेईल. कोयनेच्या बाबतीत हे काम माणसांनी करून टाकलं: धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन त्यावर वीज केली जाते.

याच धारेवर उभं राहून वाळलेलं पान किंवा गवताची काडी दरीत टाकून बघा. ती खाली जात नाही, परत वर येते. कोकणातून येणारा वारा कड्याला थडकून वर चढतो. पसरणीच्या घाटात पावसाची जी गोष्ट बोललो, तीच इथे तळहाताच्या अंतरावर घडताना दिसते. पावसाळ्यात काडीच्या जागी ढग असतो, एवढाच फरक.

परतताना क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या गोमुखातून येतात. बारा वर्षांनी भागीरथी आणि साठ वर्षांनी सरस्वती प्रकटते अशी श्रद्धा आहे. त्या गोमुखापाशी हात धरला की प्रश्न पडावा: पाऊस चार महिन्यांत संपतो, आपण डोंगराच्या माथ्यावर आहोत, मग नोव्हेंबरात हे पाणी येतं कुठून? पुन्हा जांभाच. त्याच्या भोकांतून पाऊस आत झिरपतो. खाली चिकणमातीचा आणि भरीव काळ्या दगडाचा थर लागला की त्याला पुढे जाता येत नाही. मग ते आडवं सरकत जिथे उतार कापला गेला आहे तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. आपल्या पूर्वजांनी नेमक्या अशा सांध्यावर देऊळ बांधलं. शेजारचं कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ चुकवू नका. गर्दी तिथे कमी असते आणि कृष्णेची दरी थेट पायाखाली दिसते. यातल्या वेण्णेला कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, कोयनेला कराडच्या प्रीतिसंगमावर. एका डोंगरावरून निघून, वेगवेगळी खोरी फिरून, पुन्हा एकत्र.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मी फार वेळ घालवत नाही. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून हे ठाणं वसवलं, म्हणून त्याचं जुनं नाव माल्कम पेठ. मध घ्यायचा असेल तर जवळच्या मांघरचा घ्या. २०२२ मध्ये ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. आजूबाजूच्या जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशा सदाहरित रानाचा आणि कारवीचा तो मध. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळ्या डोंगरभर एकदम, आणि बी धरून मरते. त्या वर्षी माश्यांना आणि माणसांना दोघांनाही सण असतो.

दुपारच्या आत आंबेनळी घाटाला लागा. उतरायला सुरुवात करण्यापूर्वी गाडीबद्दल एक हिशोब. बाराशे किलो वजनाची गाडी महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत सुमारे तेराशे मीटर खाली येते. या उतरण्यात तिने सोडलेल्या ऊर्जेवर चाळीस लिटरांहून जास्त गार पाणी उकळू शकतं. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. एस.टी.चे चालक हे कसं करतात ते मागून बघणं हा घाट शिकण्याचा उत्तम मार्ग आहे.

आणि मग, रुंद जागा आणि सुरक्षित कडा बघून, एकदा तरी थांबा. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीजवळ जा. काळा दगड हाताला गार लागतो. त्यात वाटाण्याएवढी, कधी सुपारीएवढी भोकं असतात: लाव्हा गोठताना अडकलेले बुडबुडे. कित्येक भोकांत नंतर पाण्यातून उतरलेले पांढरे स्फटिक भरलेले असतात. थोडं पुढे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसेल, कधी वीतभर, कधी हातभर. हा पट्टा म्हणजे दोन लोटांमधला काळ. खालचा लोट थंड झाला, ऊन-पावसाने त्याच्या पृष्ठभागाची माती होऊ लागली, तेवढ्यात वरचा लोट आला आणि ती माती भाजून निघाली. अशा काही तांबड्या पट्ट्यांत दूरच्या स्फोटांची राख मिसळलेली असते आणि राखेत झिरकॉनचे सुईच्या टोकाएवढे स्फटिक. त्यांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून थराचं वय काढतात. अशा मोजणीतून कळलं की सह्याद्रीच्या या प्रचंड चळतीचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत रचला गेला, आणि तो काळ डायनोसॉरांच्या अंताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. त्यांच्या विनाशात अशनीच्या आघाताबरोबर या लाव्ह्याच्या वायूंचा किती वाटा होता, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादातला एक साक्षीदार तुमच्या बोटाखाली आहे.

त्याहून नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लाव्हा गोठतो तेव्हा त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला धरून कायमचे थिजतात. या घाटातल्या खालच्या थरांतली दिशा आजच्या उलट आहे. माथ्याजवळच्या थरांत ती आजच्यासारखी होते. म्हणजे हा डोंगर रचला जात असताना मधेच पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव उलटले आणि कड्याने त्याची नोंद केली. त्या कणांचा कल असंही सांगतो की तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आंबेनळीचा हा दगड हजारो किलोमीटर उत्तरेला प्रवास करून इथे आला आहे.

वाटेत प्रतापगड. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला. १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. खानाचा तळ वाईला होता. मोकळ्या, कोरड्या, घोडदळाला सोयीच्या मुलखातून त्याला महाराजांनी जावळीच्या दाट, ओल्या, उभ्या उताराच्या रानात आणलं. कालपासून आपण ज्या पावसाबद्दल आणि कड्यांबद्दल बोलतो आहोत, ते महाराजांनी शस्त्रासारखं वापरलं. गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी मिळते. ती खाऊनच पुढे निघा, कारण खाली पोलादपूरपर्यंत फारसं काही नाही.

पोलादपूरला पोचता पोचता हवा जड होते, आंबा-काजू दिसू लागतात, कौलांचे उतार वाढतात. महाडच्या दिशेने सावित्री सोबत असते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस उभ्या कड्यावरून काही तासांत इथे पोचतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री अशाच पुरात महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल गाड्यांसकट वाहून गेला.

महाडच्या अलीकडे वरंधकडे वळून वरंधा घाट चढायचा. निघण्यापूर्वी घाट चालू आहे का ते चौकशी करून घ्या. पावसाळ्यात तो बरेचदा बंद असतो आणि दुरुस्तीही निघते. बंद असेल तर माणगावहून ताम्हिणी घाटाने पुणं गाठता येतं. वरंध्याचा माथा ओलांडला की आपण दुसऱ्यांदा जलविभाजक ओलांडतो. पुढे रस्ता कितीतरी वेळ नीरा देवघरच्या जलाशयाला धरून जातो. हे नीरेचं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. भोरपर्यंतच्या या रस्त्यावर वस्ती विरळ आहे आणि दिवे नाहीत, म्हणून पोलादपूर तीनच्या आत सोडावं, आणि पेट्रोल तिथेच भरून घ्यावं.